नातू ताब्यात घेतल्याबाबत अर्ज

गुरुवारी दुपारी पावणेचार वाजता सहा वर्षांचा एक मुलगा कोथरूडमधल्या त्याच्या शाळेतून आजोबांबरोबर बाहेर पडला. साडेपाचपर्यंत तो घरी पोहोचला नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी त्याची आई आमच्या ठाण्यात आली.

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. हे तीन दिवस मात्र मला आजही तासातासाने सांगता येतील. ठाण्याचं नाव आणि माणसांची नावं मी लिहिणार नाही. त्या वेळी मी तिथे वरिष्ठ निरीक्षक होतो, एवढं पुरे.

बाई तिशीतल्या होत्या. कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. ठाणे अंमलदाराने त्यांना नेहमीचं उत्तर देऊन टाकलं होतं, की आजोबाच आहेत ना, आणून सोडतील, घरगुती वाद असेल तर कोर्टात जा. मी बाहेर आलो तेव्हा त्या त्याला शांतपणे विचारत होत्या, "तुमच्या आजोबांनी तुम्हाला असं नेलं असतं आणि फोन बंद ठेवला असता, तर तुमच्या आई किती वाजेपर्यंत थांबल्या असत्या?" अंमलदार माझ्याकडे बघू लागला. मी बाईंना आत बोलावलं.

हे कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावर येऊन स्थिरावलेल्या ज्यू लोकांपैकी. आडनाव आपल्यासारखंच गावावरून पडलेलं आणि बाईंची मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. त्यांचे पती आदल्या वर्षी हृदयविकाराने वारले होते. मुलाच्या अंगावरचे कपडे, दप्तराचा रंग, उजव्या भुवईवरची खूण, सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. कोणावर संशय आहे का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "संशय नाही, खात्री आहे. माझे सासरे."

सासरे दर गुरुवारी नातवाला शाळेतून घरी आणत. शाळेच्या कार्डावर त्यांचं नाव होतं, म्हणून रखवालदाराने मुलाला सोडलं. बाईंची बदली बंगळूरला झाली होती आणि दोन आठवड्यांनी मायलेक जाणार होते. आधीच्या रविवारी त्यांनी हे सासऱ्यांना सांगितलं. सासरे भांडले नाहीत. "सहा पूर्ण झाली त्याला," एवढंच म्हणाले.

या वाक्याचा अर्थ बाईंनीच मला उलगडून सांगितला. त्यांच्या शास्त्रात असं आहे की मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहावं. पुढे मुलगी आईकडे आणि मुलगा बापाकडे, कारण मुलाला धर्म शिकवणं हे बापाचं काम. आईबाप वेगळे राहत असतील तेव्हाचा हा नियम. सासऱ्यांना त्या पप्पा म्हणत. "नवरा होता तेव्हा पप्पा हे चेष्टेत म्हणायचे, सहा वर्षं मजा करून घे म्हणून. आता नवरा नाही. पप्पा स्वतःला त्याच्या जागी धरतात."

खरी भीती त्यांनी शेवटी सांगितली. मुलाचा पासपोर्ट सासऱ्यांच्या घरी कपाटात होता आणि सासऱ्यांचे बरेच नातेवाईक इस्राएलला गेलेले होते. मूल एकदा तिकडे गेलं की इथला कोणता कागद त्याला परत आणणार होता?

हरवलेला मुलगा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला असेल तर आम्हाला वाट बघता येत नाही. मी अपहरणाचा गुन्हा दाखल करून घेतला, विमानतळांना कळवलं आणि मुलाचा फोटो सगळीकडे पाठवला. बापाच्या मागे आई हीच कायदेशीर पालक. तिच्या संमतीशिवाय नेलं तर आजोबाही आमच्या लेखी आरोपीच.

शुक्रवारी सकाळी आठला खबर आली. स्वारगेटच्या एका एसटी कंट्रोलरने फोटो ओळखला होता. आदल्या दिवशी साडेचारच्या सुमारास म्हातारे गृहस्थ आणि मुलगा अलिबागच्या गाडीत बसले होते. मी एका उपनिरीक्षकाला दोन शिपाई देऊन कोकणात पाठवलं. इकडे पेठेतलं सासऱ्यांचं घर उघडून पाहिलं. कपाटात पासपोर्ट नव्हता. त्यांची एक बहीण, म्हणजे मुलाच्या बापाची आत्या, दोन गल्ल्या पलीकडे दोन खोल्यांत एकटी राहत होती. आमचे लोक तिथेही सकाळी नऊला जाऊन आले. आत्याबाईंनी दोन्ही खोल्या स्वतः उघडून दाखवल्या. तिथे कोणी नव्हतं.

आणि दुपारी तीन वाजता सासरे स्वतः ठाण्यात आले.

वय एकाहत्तर. तारखात्यातून निवृत्त झालेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. विषयाखाली रेघ ओढलेली होती. विषय होता, नातू ताब्यात घेतल्याबाबत. खाली वळणदार अक्षरात तीन परिच्छेद, त्यात त्यांच्या शास्त्राचा आधार, आणि शेवटी माहितीसाठी सविनय सादर. सोबत दुसरी प्रत होती.

"यावर पोच द्या," ते म्हणाले.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत अपहरणाच्या आरोपीने माझ्याकडे पोच मागितल्याचं हे एकच उदाहरण. माझ्या हवालदारबाई शेजारी उभ्या होत्या. त्या पुटपुटल्या, "आवक-जावक शिक्का पण हवा असेल." म्हाताऱ्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "असला तर बरंच होईल."

मी त्यांना बसवलं आणि विचारपूस सुरू केली. मुलगा कुठे आहे? सुरक्षित आहे. कोणाजवळ? आपल्या माणसाजवळ. पासपोर्ट? तोही सुरक्षित आहे. चढा आवाज त्यांच्यावर चालला नाही. बंगळूरचं कारण विचारलं तेव्हा मात्र ते मोकळे झाले. मुलगा बापासाठी कद्दिश म्हणत होता. कद्दिश म्हणजे गेलेल्या आईबापांसाठी मुलाने म्हणायची प्रार्थना. ती एकट्याने म्हणता येत नाही, त्यासाठी तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर लागतात. पहिले काही महिने सून त्याला शनिवारी पेठेतल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, घेऊन येत होती. मग सुट्टीचे वर्ग आले, पोहणं आलं, येणं थांबलं. "तिकडे गेल्यावर तर त्याला शब्दही आठवणार नाहीत," ते म्हणाले. "माझ्या मुलाच्या नावाने उभं राहणारं दुसरं कोण आहे?"

मी म्हणालो, "काका, हे सगळं न्यायाधीशांना सांगा. आत्ता तिकडे एक आई कालपासून जेवलेली नाही."

त्यांनी मान खाली घातली, पण पत्ता सांगितला नाही.

साडेपाचनंतर त्यांचं लक्ष खिडकीकडे जाऊ लागलं. सूर्य मावळायच्या आत जबाब पुरा करा, मी सही करतो, असं ते दोनदा म्हणाले. शुक्रवारी सूर्यास्ताला त्यांचा शब्बाथ लागतो. मग शनिवारी अंधार पडेपर्यंत ते लिहीत नाहीत, वाहनात बसत नाहीत, पैशाला हात लावत नाहीत. मी हे वाचलेलं होतं. तरी मला वाटलं की म्हातारा घाईला आला आहे, थोडं ताणलं की बोलेल. मी मुद्दाम ताणलं. ही माझी चूक. सहानंतर त्यांनी पिशवीतून एक काचेचा पेला, तेलाची बाटली आणि वात काढली, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात दिवा लावायची परवानगी मागितली आणि लावला. थोड्या वेळाने मी जबाब पुढे केला, तर त्यांनी हात मांडीवर ठेवले. ठाण्याचं कामकाज त्यांच्या सहीवाचून अडलं.

मग मी दुसरा डाव टाकला. घरी जा म्हणालो, म्हणजे माणूस मागावर लावता येईल. "आता कशाने जाऊ?" त्यांनी विचारलं. अंधारात एवढा रस्ता एकट्याने चालणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. ते मागच्या खोलीत राहिले. हवालदारबाईंनी आणलेली केळी तेवढी त्यांनी खाल्ली.

कोकणातल्या पथकाचा निरोप आला. आजोबा आणि नातू गुरुवारी रात्री गावी पोहोचले होते. शुक्रवारी पहाटेच गावाबाहेरच्या दफनभूमीत मुलाच्या बापाच्या कबरीवर गेले आणि पहिल्या गाडीने पुण्याला परतले. म्हणजे खबर खरी होती, पण शिळी होती. दुपारी म्हातारे ठाण्यात आले तेव्हा मुलगा याच शहरात होता, आणि पुण्यात घरं काय कमी आहेत?

शनिवारी सकाळी सातला हवालदारबाई कामावर आल्या. मुलाची आई आधीपासून बाकावर होती. हवालदारबाई मागच्या खोलीत चहा घेऊन गेल्या आणि लगेच परत आल्या.

"साहेब, तो दिवा अजून जळतोय."

त्यांचा सणवाराचा दिवा असेल, मी म्हणालो. मुलाची आई म्हणाली की शब्बाथचे दिवे दोन असतात आणि ते घरच्या बायका लावतात.

"मग हा एकटा दिवा कुणाचा?" हवालदारबाईंनी विचारलं. "माणूस कबरीवर कधी जातो, साहेब? यांच्या मुलाचं वर्षश्राद्ध असेल."

आई म्हणाली, "नाही. त्याला अजून अकरा दिवस आहेत. तारीख माझ्या लक्षात नसेल का?"

"ताई, श्राद्ध तारखेनं करतात का? तिथीनं करतात. तुमच्यात तिथी नसते?"

आईने फोनवर त्यांच्या पंचांगाचं पान काढलं, दोनदा मोजलं आणि फोन टेबलावर ठेवला. "आज आहे," ती म्हणाली. "मला कळलंच नाही."

पुढचं सगळं त्या एका गोष्टीतून निघालं. आज वर्ष, म्हणजे आज मुलाने सिनेगॉगमध्ये उभं राहून कद्दिश म्हणायची. आज शनिवार, म्हणजे हे लोक त्याला गाडीत घालून आणणार नाहीत. म्हणजे मुलगा शुक्रवार संध्याकाळपासून सिनेगॉगपासून एका लहान मुलाला चालवेल एवढ्याच अंतरावर होता. बहिणीचं घर आम्ही शुक्रवारी सकाळी नऊला पाहिलं होतं, आणि आजोबा-नातू पुण्यात पोहोचले दुपारी. म्हणजे मुलगा आता तिथेच असण्याची शक्यता होती.

मी दोन शिपाई साध्या वेशात पेठेत पाठवत होतो, तेवढ्यात आईने मला थांबवलं.

"उपयोग नाही. तिथे शनिवारी जेमतेम दहा माणसं होतात. दहावा माणूस तुमच्या ठाण्यात बसलाय. पप्पा गेले नाहीत तर प्रार्थना होणार नाही आणि आत्या त्याला घराबाहेर काढणार नाही."

"मग आत्याबाईंचं दारच उघडायला लावतो."

"आणि तिथे नसला तर?"

हाच प्रश्न होता. एकदा चुकीचं दार वाजलं की गल्लीभर बोभाटा, आणि मुलगा आणखी कुठे हलला असता. मी मागच्या खोलीत गेलो. म्हातारे दिव्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होते. त्यांचं होईपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "काका, आज मुलाची तिथी आहे. चला, तुम्हाला पोहोचवतो. चालत."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "आणि तिथे पोहोचल्यावर?"

"प्रार्थना संपेपर्यंत कोणी कोणाला हात लावणार नाही. संपल्यावर मी माझं काम करणार."

ते उठले. पिशवी, अर्जाची प्रत, चष्म्याचं घर, सगळं तिथेच ठेवलं, कारण त्या दिवशी ते ओझं उचलत नाहीत. पावणेआठला आम्ही निघालो. ते, मी आणि हवालदारबाई. पौड फाटा, कर्वे रस्ता, डेक्कन, लकडी पूल, मग लक्ष्मी रस्ता. मुलाची आई दुचाकीने पुढे जाऊन थांबणार होती. म्हातारे फार हळू चालत. नळ स्टॉपला बसले, पुलावर कठड्याला धरून उभे राहिले. त्यांना काही झालं असतं तर माझी वर्दी गेली असती. ते थांबले की माझं लक्ष घड्याळाकडे जाई. प्रार्थना नऊला सुरू होते, माणसं किती वेळ थांबतील कोण जाणे. दुकानं उघडत होती. एका ओळखीच्या दुकानदाराने विचारलं, साहेब, गाडी बंद पडली का? मी हो म्हणालो.

पुलावर मी पुन्हा पत्ता विचारला नाही. त्यांनीच विचारलं, "तुम्हाला मुलं?"

"एक मुलगी."

"मग तुम्हाला काय सांगू," ते म्हणाले आणि चालू लागले.

सव्वादहाला आम्ही पोहोचलो. दारात चार म्हातारे उभे होते, आत पाच. आम्हाला बघताच कोणी काही न विचारता सगळे आत गेले. मी आणि हवालदारबाई मागच्या भिंतीशी उभे राहिलो. आई बाहेर पायऱ्यांपाशी होती. मुलगा कुठेच नव्हता.

प्रार्थना सुरू झाली. दहा मिनिटं गेली, वीस मिनिटं गेली. माझा तर्क चुकला असेल तर मी एका आईचा अख्खा दिवस घालवला होता आणि ज्याला पत्ता माहीत होता त्याला स्वतः आणून सोडलं होतं. मग बाजूच्या दारातून एक वृद्ध बाई आल्या आणि त्यांच्या हाताला धरून तो. उजव्या भुवईवर खूण. डोक्यावर टोपी. तो धावत जाऊन आजोबांना चिकटून उभा राहिला.

हवालदारबाई पुढे सरकल्या. मी त्यांचा हात धरला.

मुलाने कद्दिश म्हटली. तीन ठिकाणी अडला, आजोबांनी शब्द पुरवला. दहाही म्हातारे मध्येमध्ये एका आवाजात उत्तर देत होते. माझ्या मागे दारात आई येऊन उभी राहिली होती. शेवटचं "आमेन" तिनेही म्हटलं.

संपल्यावर मुलाने तिला पाहिलं आणि "आई" म्हणत निघाला. म्हाताऱ्यांनी त्याचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. मी पाऊल उचललं, तेवढ्यात प्रार्थना चालवणारे गृहस्थ मध्ये आले. ते म्हाताऱ्यांचे शाळेपासूनचे मित्र होते, हे मला नंतर कळलं.

"सोड त्याला."

"सहा पूर्ण झाली," म्हातारे म्हणाले. "शास्त्र आहे."

"अर्धं वाचलंस. सहानंतर मुलगा बापाकडे, कारण बापाने त्याला शिकवायचं असतं. ते बापावर घातलेलं काम आहे. बाप गेला म्हणून आजा बाप होत नाही. आणि सगळ्याच्या वर, मुलाचं भलं जिथे, तिथे मूल. आईबापांच्या हक्काचं त्यात काही नाही. मला विचारायला आला असतास, तर परवाच सांगितलं असतं."

"म्हणून तर आलो नाही," म्हातारे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि माझं काय?"

म्हाताऱ्यांची बोटं आपोआप सुटली. मुलगा आईकडे गेला. तिने त्याला उचललं नाही, खाली बसून त्याचे गाल, हात, गुडघे तपासले. मग उभी राहून सासऱ्यांना म्हणाली, "पप्पा, मला यापुढे तारीख सांगू नका, तिथी सांगा. मी कुठेही असले तरी त्याला घेऊन येईन. पण पुन्हा असं त्याला नेलंत, तर तुम्हाला तो दिसणार नाही."

मी तिथेच ताबा पावती काढून आईपुढे धरली. दोन दिवस माझ्याकडे घाई करणाऱ्या त्या बाईंनी पेन हातात घेतलं, आजूबाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि पेन परत दिलं. "इथे नको. अंधार पडल्यावर ठाण्यात येते." सहीशिवाय मूल ताब्यात दिलं म्हणून वरिष्ठांनी मला नंतर लेखी विचारणा केली. ती योग्यच होती.

संध्याकाळी साडेसातला दोघंही आले, वेगवेगळे. म्हाताऱ्यांनी पासपोर्ट आणून दिला, जबाबाच्या प्रत्येक पानावर सही केली आणि अर्जाची पोच मागितली. मी दिली. पुढे आईने अपहरणाचा आग्रह धरला नाही आणि गैरसमजातून घडलेला प्रकार म्हणून प्रकरण 'क' समरीने, म्हणजे खटला न भरता, बंद झालं. कौटुंबिक न्यायालयाने मुलाचा ताबा आईकडे ठेवला आणि आजोबांना सुट्टीतले दिवस दिले.

ताब्याच्या भांडणात मी तोपर्यंत कोण खोटं बोलतं तेवढं शोधत असे. या प्रकरणात कोणीच खोटं बोललं नाही. म्हाताऱ्यांनी मला एकही असत्य वाक्य सांगितलं नव्हतं. पोलिसाला खोटं पकडता येतं, दुःख पकडायला त्याच्याजवळ कलम नसतं. मूल मागणारा माणूस बरेचदा गेलेल्या माणसालाच मागत असतो, आणि ते त्याला स्वतःलाही कळत नाही. मला हे तेव्हा अर्धंच समजलं होतं. आठ महिन्यांपूर्वी माझी पत्नी गेली. तिच्या दोन साड्या कोणी न्यायच्या यावरून माझी मुलगी आणि मेहुणी यांच्यात शब्द झाले, तेव्हा मी मध्ये पडलो नाही. उरलेलं अर्धं त्या दिवशी समजलं.

त्या प्रकरणानंतर कुटुंबाच्या वादात जबाब घेण्याआधी मी घरात अलीकडे कोण वारलं ते विचारत असे. नव्या अधिकाऱ्यांनाही तेच सांगत आलो. पुस्तकात हे लिहिलेलं नाही.

म्हातारे चार वर्षांपूर्वी वारले. त्यांची बहीणही आता नाही. मुलगा बंगळूरमध्ये आईजवळ राहतो आणि वर्षातून एकदा पुण्याला येतो.